पाळी सुटल्यावर पालकसभा

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत बऱ्याच फौंड्र्यांची पहिली पाळी सकाळी सातला लागते आणि दुपारी तीनला सुटते. पालकसभेची नोटीस मुलाच्या वहीतून घरी येते, ती मात्र सकाळी अकराची. अकरा वाजता बाप भट्टीवर असतो. आई कोअर शॉपमध्ये, म्हणजे साच्यांसाठी वाळूचे गाभे करतात त्या विभागात असते, नाहीतर कुणाकडे धुण्याभांड्याला गेलेली असते. सभेला येतात ते गावात स्वतःचं घर असलेले, दुकान असलेले, किंवा नातवंडांचे आजी-आजोबा. त्यांच्यातूनच शाळा व्यवस्थापन समिती निवडली जाते आणि प्रोसिडिंगच्या वहीत 'सर्वानुमते' हा शब्द पडतो.

अशा एका समितीत पालक म्हणून मी दोन वर्षं बसलो. शाळेचं नाव सांगत नाही, कारण हे एकट्या तिचं दुखणं नाही. समितीत जाण्याआधी माझीही समजूत हीच होती की पंधरा ऑगस्टला झेंड्याजवळ उभं राहायचं, हेडसर देतील त्या कागदावर सही करायची आणि चहा घेऊन घरी यायचं. नंतर कायदा वाचला, जुन्या माणसांशी बोललो. तेव्हा कळलं की शाळेचा कारभार कुणी बघायचा, गावाने की सरकारने, हा झगडा आपल्याकडे शंभराहून अधिक वर्षं चालू आहे, आणि सध्या त्यातला गावाचा वाटा या समितीच्या हातात आहे.

१८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. शेतकऱ्याकडून पैसा गोळा होतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर होतो, हे त्यांनी त्यात ठणकावून सांगितलं आणि किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी केली. प्राथमिक शाळा स्थानिक मंडळांकडे सोपवाव्यात, अशी शिफारस आयोगाने केली. १८८४ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात लोकल बोर्डं उभी राहिली. पुढे १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं. लहानपणी कागलात शिकलेला हा माणूस. त्या विधेयकात सरकारने सगळीकडे सक्ती लादावी असं म्हटलेलं नव्हतं. नगरपालिकेला किंवा बोर्डाला आपल्या हद्दीत सक्ती लागू करण्याची मुभा द्या, खर्चाचा एक तृतीयांश भाग तिने उचलावा आणि दोन तृतीयांश सरकारने, इतकंच मागणं होतं. १९१२ मध्ये तेही फेटाळलं गेलं.

आणि १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. त्या काळातला एक रुपया म्हणजे मजुराच्या घरातलं किती दिवसांचं धान्य, याचा विचार केला की महाराज या बाबतीत किती गंभीर होते ते समजतं. आपल्या जिल्ह्याला शिक्षणाची जी ओढ आहे तिचं मूळ इथे आहे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण हुकूम दरबाराचा होता आणि शाळाही दरबाराची. पोराला शाळेत घालणं पालकावर बंधनकारक झालं होतं, शाळा कशी चालवायची हे विचारायला त्याला कुणी बोलावलं नव्हतं. ती पायरी पुढची होती.

ब्रिटिश मुलखात ती पायरी आधी चढली गेली. विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीने १९१८ मध्ये नगरपालिकांसाठी सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला. १९२३ च्या कायद्याने तर प्राथमिक शाळांचा कारभारच स्थानिक संस्थांकडे गेला आणि त्यांची स्कूल बोर्डं आली. शिक्षकांच्या नेमणुका, बदल्या, शाळांच्या जागा हे सगळं लोकांनी निवडून दिलेल्या माणसांच्या हातात आलं. आणि इथेच पहिला धडा मिळाला. गावोगावच्या पार्ट्या बोर्डात उतरल्या. मास्तरची बदली हे निवडणुकीतली उट्टी काढायचं साधन झालं. बोर्डाच्या कारभाराबद्दल इतक्या तक्रारी झाल्या की १९३८ च्या दुरुस्तीने शिक्षकांवरचा ताबा बराचसा सरकारने परत घेतला, आणि बोर्डाच्या कारभारावर सरकारने नेमलेला प्रशासकीय अधिकारी बसला. १९४७ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा याच वाटेने पुढे गेला. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि आपल्या शाळाही या व्यवस्थेत आल्या. जुनी माणसं आजही जिल्हा परिषदेच्या शाळेला 'बोर्डाची शाळा' म्हणतात, ते तेव्हापासून.

१९३८ साली जे झालं ते पुढे पुन्हा पुन्हा झालं, म्हणून ते इथे थोडं सविस्तर सांगितलं. निवडून आलेल्यांकडे अधिकार जातो, काही जण तो वाईट वापरतात, मग अधिकार वर उचलला जातो. ज्यांनी काही वावगं केलेलं नसतं त्यांच्या हातातूनही तो जातो.

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. वसंतराव नाईक समितीच्या अहवालावरून हा कायदा झाला होता. जिल्हा स्कूल बोर्डं गेली आणि त्यांच्या जागी जिल्हा परिषदेची शिक्षण समिती आली, सभापती लोकांमधून निवडून आलेला आणि शिक्षणाधिकारी सरकारचा. आपल्या जिल्ह्यात हा सभापती शिक्षणाबरोबर अर्थ खातंही सांभाळत आला आहे. एकेकाळी या खुर्चीला केवढं वजन होतं, ते कुठल्याही निवृत्त गुरुजींना विचारा. शाळाखोली कुठल्या वाडीला मिळणार, शिक्षक कुठे जाणार, हे तिथे ठरायचं. आता बदल्या ऑनलाइन झाल्या आणि शिक्षकभरती सरकारच्या पवित्र पोर्टलवरून होते. बदल्यांमधली वशिलेबाजी थांबली हे मला मनापासून बरं वाटतं. एका बदलीसाठी शिक्षकांनी किती हेलपाटे घातले आणि काय काय सोसलं, ते जवळून पाहिलेलं आहे. पण त्याबरोबर सभापतींच्या खुर्चीचं वजनही गेलं. नंतर तर खुर्चीच रिकामी झाली. मार्च २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्हा परिषदेची मुदत संपली, प्रशासक आला, आणि पुढची तीन वर्षं उलटून गेली तरी निवडणूक झाली नव्हती. त्या काळात जिल्ह्याच्या शाळांबद्दल निर्णय घ्यायला लोकांनी निवडलेलं एकही माणूस जिल्हा परिषदेत नव्हतं. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत सतराव्या क्रमांकावर प्राथमिक आणि माध्यमिक शाळांसह शिक्षण हा विषय लिहिलेला आहे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तो पंचायत राज संस्थांसाठी ठेवला. घटनेत लिहिलेला विषय तीन वर्षं नुसत्या फायलींवर चालतो, याचं आपल्याला काहीच वाटू नये, हे मला पटत नाही.

त्या काळातही एक निवडून आलेली संस्था चालूच होती, ती म्हणजे गावातल्या शाळेची समिती.

आधी ग्राम शिक्षण समिती होती, सरपंचाच्या अध्यक्षतेखाली. सरपंच चांगला असेल तर शाळेला भिंत मिळायची, नसेल तर समिती कागदावर राहायची. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच्या एकविसाव्या कलमाने चित्र बदललं. समितीतले किमान तीन चतुर्थांश सदस्य त्या शाळेत शिकणाऱ्या मुलांचे आईवडील किंवा पालक असले पाहिजेत. एकूण सदस्यांत निम्म्या बायका हव्यात. आणि ज्या ओळीकडे कुणी फारसं बघत नाही ती ही: दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाल्या पाहिजेत. महाराष्ट्रात पालकसभेतून सदस्य निवडले जातात, अध्यक्ष पालकांमधलाच होतो, मुख्याध्यापक सदस्य-सचिव असतात आणि दर दोन वर्षांनी नवी समिती बसते. विनाअनुदानित शाळांना हे कलम लागू नाही आणि अनुदानित शाळांत समितीचं काम २०१२ पासून फक्त सल्ल्याचं राहिलं आहे. म्हणजे खरा कारभार करायला मिळतो तो जिल्हा परिषदेच्या आणि पालिकेच्या शाळांत, जिथे कामगाराचं मूल शिकतं.

काम काय, तर शाळेवर लक्ष ठेवणं, शाळा विकास आराखडा करणं आणि आलेल्या अनुदानाचा खर्च तपासणं. हे कागदावर तीन ओळींत बसतं. प्रत्यक्षात ते कसं दिसतं ते सांगतो.

दुसऱ्या वर्षी आम्ही हट्टाने एक सभा दुपारी चारला ठेवली. हेडसरांनी आधी काचकूच केली, नंतर तेच नोटिशीवर मोठ्या अक्षरात वेळ लिहून बसले. त्या दिवशी व्हरांडा भरला. काही जण थेट गेटवरून आले होते. काळी सँड कपाळावरच्या घामात बसलेली, हातावर ठिणग्यांनी पोळल्याचे जुने डाग. सायकली, मोपेड भिंतीला टेकवून मंडळी सतरंजीवर बसली. आराखडा वाचून दाखवायला सुरुवात झाली. त्यात पहिली मागणी होती संगणकाची, दुसरी प्रवेशद्वाराच्या कमानीची. मागे बसलेली एक बाई उठून उभी राहिली. कोअर शॉपमध्ये काम करते म्हणाली. "सर, माझी पोरगी दिवसभर शाळेत पाणीच पीत नाही. डबा खाती आन् तशीच बसती. विचारलं तर म्हणती, पाणी प्यालं की बाथरूमला जायला लागतंय, आन् तिथं पाणी नसतंय." ती खाली बसली. आणखी तिघीचौघींनी माना हलवल्या. आम्ही समितीत दीड वर्ष बसलो होतो. मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी चढत नाही हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, कारण अकराच्या सभेला ती बाई कधी आलीच नव्हती.

कमान आराखड्यातून गेली. पाण्याची टाकी आणि मोटर पहिल्या क्रमांकावर आली. ग्रामपंचायतीकडे आम्ही तीनदा गेलो, चौथ्यांदा काम झालं. समितीचं काम काय असतं, असं मला कुणी विचारलं तर मी ही गोष्ट सांगतो.

शाळा विकास आराखडा हा तीन वर्षांचा असतो. पट किती होईल, शिक्षक किती लागतील, खोल्या किती, पैसा किती, हे सगळं त्यात यायला हवं आणि ते आर्थिक वर्ष संपायच्या तीन महिने आधी तयार हवं. हा कागद गंभीरपणे केला तर त्याची ताकद मोठी आहे, आणि एमआयडीसीच्या भागात तर दुप्पट आहे. इथे देणारे आहेत. कारखानदार मंडळी शाळेला मदत करायला तयार असतात, हा माझा अनुभव आहे. कुणी बेंच देतं, कुणी स्मार्ट टीव्ही, कुणी वॉटर फिल्टर. पण आराखडा नसेल तर देणारा त्याला सुचेल ते देतो. मग एका शाळेत तीन टीव्ही होतात आणि छप्पर गळतच राहतं. समितीने आराखडा हातात घेऊन कारखान्यात जावं आणि सांगावं, की आम्हाला हे हवंय, या क्रमाने हवंय.

पैशाचा विषय निघाला म्हणून गणवेशाचं सांगतो. या संस्थेच्या वाटचालीतला हा अगदी अलीकडचा आणि फार बोलका प्रसंग आहे. मोफत गणवेश बरीच वर्षं समित्याच घेत होत्या. पैसे समितीच्या खात्यावर यायचे, गावातल्या किंवा जवळच्या दुकानातून कापड घेतलं जायचं, जवळचाच शिंपी शिवायचा. कुठे गडबडी होत नव्हत्या असं मी म्हणणार नाही. २०२४-२५ ला राज्याने 'एक राज्य, एक गणवेश' आणलं. कापड एकदम वरून घ्यायचं आणि बचत गटांकडून शिवून घ्यायचं. जून गेला, जुलै गेला, राज्यभर कितीतरी शाळांत पोरं जुन्या, आखूड कपड्यांत बसली. जे आले त्यांतल्या अनेकांची मापं चुकलेली होती. पोराचं माप घ्यायला पोराजवळ जावं लागतं, ही साधी गोष्ट मंत्रालयातून साधली नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्णय बदलला आणि गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिलं. १९३८ पासून अधिकार वर जाताना आपण पाहत आलो, इथे तो एकदा खाली आला. समित्यांनी या कामात एक रुपयाचाही संशय येऊ देऊ नये, बिलं फळ्यावर लावावीत, कारण एक वाईट उदाहरण पुन्हा अधिकार वर न्यायला पुरेसं होतं.

रोजची कामंही कमी महत्त्वाची नाहीत. पोषण आहार शिजला की मुलांना वाढण्याआधी कुणीतरी चव घेऊन वहीत नोंद करायची असते. आमच्या समितीतल्या एक आजी आठवड्यातून दोनदा यायच्या. आमटी पातळ असेल तर स्वयंपाकी ताईंना रागवायच्या नाहीत, धान्याची कोठी उघडून बघायच्या. आमटी पातळ होते ती डाळ कमी आल्याने, ताईंच्या हातामुळे नाही, हे त्यांना ठाऊक होतं. वर्गात शिक्षक आहे का, त्याला शिकवण्याऐवजी भलत्याच कामाला जुंपलंय का, हे पाहणंही समितीचंच काम आहे. कायद्याने शिक्षकाला जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढ्याच बाहेरच्या कामांना लावता येतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं, वाहतूक दिवसेंदिवस बंद राहिली. तेव्हा शिक्षकांनी केलेलं काम आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे, त्याबद्दल कुणाची तक्रार असणार नाही. तक्रार आहे ती वर्षभर चालणाऱ्या माहिती भरण्याच्या कामाची, आणि ती शिक्षकापेक्षा समितीने मांडली तर तिला जोर येतो.

आता शिरोलीचा खरा प्रश्न. शिरोली, नागाव, हालोंडीच्या भाड्याच्या खोल्यांत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, कर्नाटकातून आलेली कुटुंबं राहतात. आधी एकटा माणूस येतो, मग बायको येते, मग पोरं. त्यांच्या मुलांची गावाच्या कुठल्या यादीत नोंद असते? कायदा स्पष्ट आहे. हद्दीत राहणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवणं आणि स्थलांतरितांच्या मुलांना शाळेत दाखल करून घेणं हे स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य आहे. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. दाखला यायला उशीर झाला म्हणूनही थांबवता येत नाही. मूल ज्या वयाचं, त्या वयाच्या वर्गात घ्यायचं आणि मागे पडलेलं शिकवायची सोय करायची. तरीही "आधी जन्मदाखला आणा" हे वाक्य मी स्वतः एका शाळेत ऐकलं आहे. समोर एक फेटलर, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करणारा कामगार उभा होता, हाताशी आठ वर्षांची मुलगी. त्याला मराठी कळत नव्हतं, पण 'दाखला' कळला. तो मुकाट्याने वळला. त्याला परत बोलावलं ते समितीतल्या एका आईने. ती मुलगी तिसरीत बसली. वर्षअखेरीस ती इतर मुलींबरोबर मराठीत भांडत होती, आणि ते भांडण ऐकून मला झालेला आनंद आजही आठवतो. वीटभट्टीवरच्या मुलांसाठी कोल्हापुरात 'अवनि' संस्थेने हे काम वर्षानुवर्षं केलं आहे. एमआयडीसीच्या चाळींतून ते शाळेच्या समित्यांनी करायला हवं. आणि प्रमाणात जागा म्हणजे या पालकांनाही जागा. शाळेच्या पटावर परप्रांतीय कामगारांची मुलं तिसरा हिस्सा असतील आणि समितीत त्यांचं एकही माणूस नसेल, तर ती समिती कायद्याप्रमाणे झालेली नाही, असं मी म्हणेन.

दूरचं एक उदाहरण मला मोलाचं वाटतं. अमेरिकेत शिकागो हे एकेकाळचं पोलाद आणि कत्तलखान्यांचं, बाहेरून आलेल्या कामगारांचं शहर. १९८८ च्या कायद्याने तिथल्या सरकारी शाळांना निवडून आलेल्या समित्या दिल्या. सहा पालक, परिसरातले दोन रहिवासी, दोन शिक्षक आणि मुख्याध्यापक. मुख्याध्यापक कोण असावा हे ती समिती ठरवते आणि शाळेचा खर्च मंजूर करते. आपल्या समितीला मुख्याध्यापक निवडायचा अधिकार द्यावा, असं मी आज म्हणत नाही. १९२३ ते १९३८ चा आपला अनुभव माझ्या डोळ्यांसमोर आहे. पण पालक अडाणी आहेत, त्यांना शाळेतलं काय कळतं, हे जे वाक्य आपल्याकडे ऑफिसांतून सहज बोललं जातं, ते मला मान्य नाही. पाणी न पिणारी पोरगी कोअर शॉपमधल्या आईलाच कळली होती.

म्हणून शिरोली परिसरातल्या सर्वांना माझं सांगणं आहे. मुख्याध्यापकांनी पुढच्या समितीची पालकसभा पहिली पाळी सुटल्यावर ठेवावी आणि नोटीस मराठीबरोबर हिंदीतही काढावी. स्मॅक या इथल्या उद्योजकांच्या संघटनेच्या सभासद कारखान्यांनी आणि इतरही उद्योजकांनी त्या दिवशी दुसऱ्या पाळीच्या पालकांना, ठेकेदाराकडच्या माणसांनाही, दोन तासांची पगारी सवड द्यावी. शाळेला टीव्ही देण्यापेक्षा ही देणगी मोठी ठरेल. आणि पालकहो, सभेला या, नाव घाला, आणि सही करण्याआधी दोनच गोष्टी वाचून दाखवायला सांगा: मागच्या सभेचं प्रोसिडिंग आणि समितीच्या खात्याचं पासबुक.